अमेरिकेतली बॅप्टिस्ट-इव्हँजेलिकल मेगाचर्च एवढी वाढतात कशी, आणि चालतात कशी?

चौकस_चिंचवडकर

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्कोकडे आता मराठी वस्ती चांगलीच वाढली आहे. तिथं हमरस्त्याला लागून जी अवाढव्य चर्च दिसतात, त्यांच्याबद्दल इथल्या जाणकारांना विचारायचं आहे. हजारो गाड्यांचं पार्किंग, आत कॉफीचं दुकान, मुलांसाठी वेगळी इमारत. कित्येकांच्या पाटीवर पंथाचं नावच नसतं, आणि तरी लोक म्हणतात की हे मूळचे बॅप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणी घेणारे प्रॉटेस्टंट.

माझे प्रश्न असे: मेगाचर्च नक्की कशाला म्हणायचं? ही वाढ कधी आणि का झाली? रविवारी चार-पाच हजार माणसं आत-बाहेर कशी होतात? पैसा कुठून येतो, कर किती लागतो? आणि मुख्य पाळक गेला की मागे काय उरतं?

धर्मांतर बरं की वाईट यावर कृपया इथं भांडू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे.

पोथीखाना

हार्टफर्ड इन्स्टिट्यूट फॉर रिलिजन रिसर्च ही संस्था यावर वर्षानुवर्षं काम करते. त्यांची व्याख्याच सगळे वापरतात: प्रॉटेस्टंट मंडळी (म्हणजे एका चर्चचा समूह), आणि आठवड्याची सरासरी हजेरी २,००० किंवा अधिक. मुलं-माणसं सगळी धरून. हजेरी हा शब्द महत्त्वाचा, कारण सदस्यसंख्या हा फसवा आकडा आहे. जुन्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या वहीत गाव सोडून गेलेल्यांचीही नावं तशीच पडून असतात. अमेरिकेत या मापात बसणारी चर्च साधारण पावणेदोन हजार आहेत. उलट २०२० च्या पाहणीत तिथल्या सर्वसाधारण मंडळीची मध्यक हजेरी (निम्म्या मंडळ्या याहून लहान) फक्त ६५ निघाली, वीस वर्षांपूर्वी ती १३७ होती. लहान मंडळ्या आटताहेत आणि माणसं मोठ्यांकडे साचताहेत, असं हे एकूण चित्र आहे.

मोठं चर्च ही काही नवी गोष्ट नाही. लंडनमध्ये स्पर्जन या बॅप्टिस्ट उपदेशकाचं मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल १८६१ मध्ये उघडलं. लॉस एंजेलिसमध्ये एमी सेंपल मॅकफर्सनबाईंचं अँजेलस टेंपल १९२३ चं, पाच हजारांवर आसनांचं. तेव्हा ते अपवाद होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अपवादाचा साचा झाला. १९५६ च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्ग आले, शहराबाहेर उपनगरं उभी राहिली, आणि टेक्सास, जॉर्जिया, दक्षिण कॅलिफोर्निया इथं तेल, विमान आणि संरक्षण उद्योगांमागे माणसं लोटली. दक्षिणेतून आलेले बॅप्टिस्ट आपलं चर्च बरोबर घेऊन आले. माणूस गाडीनं अर्धा तास सहज जाऊ लागला, तशी गल्लीतल्या चर्चची सक्ती संपली. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ मध्ये ऑरेंज काउंटीत चक्क ड्राइव्ह-इन सिनेमाच्या मैदानात उपासना सुरू केली. लोक गाडीतच बसून ऐकायचे. शुलर बॅप्टिस्ट नव्हते, रिफॉर्म्ड पंथाचे होते, पण पुढच्या बॅप्टिस्टांनी त्यांच्याकडून भरपूर उचललं.

आता आपल्याकडच्या वाचकांना फारसा माहीत नसलेला धागा. या वाढीमागचं 'चर्च ग्रोथ' शास्त्र ज्यांनी मांडलं ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ मध्ये दमोहला जन्मले. म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर होती. मिशनरी म्हणून त्यांची उमेदीची वर्षं त्याच प्रांतात गेली. काही ठिकाणी मंडळ्या भराभर वाढतात, शेजारीच वर्षानुवर्षं पैसा ओतूनही पाच-पन्नासावर जात नाहीत, हे त्यांनी आकडे मांडून तपासलं. निष्कर्ष असा: आपली जात, भाषा, नातीगोती न ओलांडता ख्रिस्ती होता आलं तर माणसं गटानं येतात. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या फुलर सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) त्यांनी विभाग काढला आणि हेच सूत्र अमेरिकी उपनगराला लागू झालं. जातीच्या जागी उत्पन्न, वय, राहणीमान आणि वर्ण आले. एकसारख्या माणसांना एकसारखं चर्च. माझ्या मते या चळवळीची ताकद आणि तिच्यावरचा सगळ्यात खरा आक्षेप दोन्ही इथेच आहेत. हल्ली बरीच मेगाचर्च बहुवर्णीय झाली आहेत हे खरं, पण पाया घातला गेला तो वेगळा.

रिक वॉरन विद्यार्थिदशेतच मॅकगॅव्हरनच्या विचारांनी भारावले होते. १९८० मध्ये त्यांनी सॅडलबॅक सुरू केलं, तेही घरोघरी जाऊन 'तुम्ही चर्चला का जात नाही' हे विचारून. शिकागोजवळ बिल हायबल्स यांनी १९७५ मध्ये विलो क्रीक काढताना हेच केलं होतं. उत्तरं ठरावीकच यायची: कंटाळा येतो, सारखे पैसे मागतात, आमच्या जगण्याशी संबंध नाही. त्या उत्तरांवरून उपासनेची आखणी झाली.

मंचामागे

पोथीखाना यांनी इतिहास सांगितला, मी रविवारचं गणित सांगतो.

चर्चचं आकारमान सभागृहावर नाही, पार्किंगवर ठरतं. नियोजनात एका गाडीमागे २ ते २.५ माणसं धरतात. समजा ४,००० हजेरी तीन उपासनांत विभागली. म्हणजे दर खेपेला साधारण १,३५०, गाड्या ६०० च्या आसपास. पण ६०० जागा पुरत नाहीत. एकपडदा थिएटरात तीनचा खेळ सुटताना सहाचे प्रेक्षक दारात असतात, तसंच इथं होतं. आधीचे निघालेले नसतात, पुढचे आलेले असतात. म्हणून दीडपट, ९०० जागा. फिरायचे रस्ते, झाडं, पावसाच्या पाण्याचा निचरा धरून एकरी १०० गाड्या हा सावध हिशेब, म्हणजे नुसतं पार्किंग ९ एकर. शहराच्या मध्यात एवढी सलग जागा कुठली मिळणार? म्हणून महामार्गाच्या कडेला.

दोन उपासनांमध्ये किमान अर्धा तास लागतो. उपासना ६५-७० मिनिटांची, म्हणून ९ आणि १०:४५ अशा वेळा दिसतात. प्रवचन दहा मिनिटं लांबलं तर त्याचा फटका सभागृहात नाही, चौकात बसतो. त्यासाठी मंचाच्या समोर, फक्त वक्त्याला दिसेल असं उलट मोजणारं घड्याळ असतं आणि शून्यानंतर आकडे लाल होतात.

दुसरा ठोकताळा ८० टक्क्यांचा. खुर्च्या ८० टक्के भरल्या की सभागृह भरलं असं समजायचं. कागदावर २० टक्के शिल्लक दिसतात, पण त्या एकेकट्या, पुढच्या रांगेत, कुणाच्या तरी मधोमध. चौघांचं नवं कुटुंब तिथं जात नाही, पुढच्या रविवारी येतही नाही. अशा वेळी आधी उपासनेची खेप वाढवतात, मग दुसरी जागा घेतात, इमारत अगदी शेवटी. म्हणूनच आज मेगाचर्चच्या मुख्य सभागृहांची मध्यक क्षमता १,२०० च्या आसपासच आहे. सगळीकडे ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चसारखी १६,००० आसनं नसतात.

मुलांचा विभाग हा खरा कणा. दारातल्या यंत्रावर आईबापांनी फोन नंबर टाकला की दोन चिठ्ठ्या छापून येतात. एक मुलाच्या पाठीवर: नाव, खोली, शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी आणि चार अक्षरी कोड. दुसरी पालकाकडे, तोच कोड. नेताना कोड जुळला नाही तर ओळखीचा चेहरा असला तरी मूल देत नाहीत. खोलीत एकमेकांचे नातेवाईक नसलेली किमान दोन मोठी माणसं हवीत, आणि प्रत्येक स्वयंसेवकाची आधी पार्श्वभूमी-तपासणी. गडबड होते ती इथेच. तान्ह्यांच्या खोलीत तीन-चार बाळांमागे एक माणूस लागतो. स्वयंसेवक कमी पडले की 'वर्ग भरला' अशी पाटी लागते आणि तरुण जोडपं बाळाला घेऊन थेट घरी. वाढ थांबली की बरेच जण प्रवचन तपासतात. आधी तान्ह्यांच्या खोलीची हजेरी तपासावी.

वाट_चुकलेला

एक शंका. पाच ठिकाणी एकाच चर्चच्या शाखा असतात आणि प्रवचन पडद्यावर दिसतं म्हणे. माणसं पडद्याकडे बघायला गाडी काढून जातात?

मंचामागे

जातात. २००० मध्ये साधारण एक चतुर्थांश मेगाचर्चना एकाहून अधिक जागा होत्या, २०२० मध्ये ७० टक्क्यांना. ओक्लाहोमाचं लाइफ.चर्च हे त्यातलं ठळक उदाहरण. युव्हर्जन हे बायबल ॲप त्यांचंच, २००८ चं.

पडदा फक्त प्रवचनापुरता. गाणी, प्रार्थना, सूचना आणि मुलांचा विभाग शाखेत प्रत्यक्ष, शिवाय शाखेचा स्वतःचा पाळक दारात उभा. पडद्याचं तंत्र असं: एक कॅमेरा मधोमध न हलता, वक्ता डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. ते चित्र शाखेच्या मधल्या पडद्यावर माणसाच्या खऱ्या उंचीएवढं, पाय मंचाच्या पातळीला टेकतील असं लावतात. जवळून घेतलेला चेहरा बाजूच्या पडद्यांवर. मधला पडदा वर टांगला किंवा चित्र दुप्पट मोठं केलं की लोक सिनेमा बघावा तसे मागे रेलतात. बरीच चर्च शनिवारी संध्याकाळचं प्रवचन टिपून रविवारी शाखांत लावतात. थेट प्रक्षेपण घेतलं तर शाखेतली गाणी ठरल्या सेकंदाला संपावी लागतात, आणि जोडणी तुटली तर शाखेच्या पाळकाला वेळ मारून न्यावी लागते.

गाण्यांचंही सांगतो, कारण इथं नवखी मंडळी फसतात. अमेरिकी कायद्यात उपासनेदरम्यान चर्चमध्ये गाणं गायला परवाना लागत नाही. पण शब्द पडद्यावर दाखवायला, छापायला लागतो, आणि तेच इंटरनेटवर सोडायला आणखी वेगळा. बहुतेक जण सीसीएलआय या संस्थेकडून घेतात, दर हजेरीच्या टप्प्यानुसार. २०२० मध्ये घाईघाईनं ऑनलाइन गेलेल्या कित्येकांच्या चित्रफिती आवाज बंद होऊन पडल्या, त्या याच कारणानं.

रेव्हरंड_नव्हे

मूळ प्रश्नातला 'बॅप्टिस्ट' भाग राहिला, तो घेतो.

बॅप्टिस्ट व्यवस्थेत बिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र: पाळक तीच नेमते, जमीन तिच्याच नावावर, कर्जही तीच काढते. मेथडिस्टांकडे मालमत्ता पंथाच्या विश्वस्ततेत असते आणि पाळकाची बदली वरून होते. तिथं एकाच माणसानं तीस वर्षं एका जागी बसून वीस हजारांचं चर्च उभारणं अवघड. इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या) मेगाचर्चची बरीचशी वाढ मला या एका फरकात दिसते. गिटार आणि धुराची यंत्रं नंतरची.

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हे १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथं स्थापन झालं, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या वादातून उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांपासून फुटून. ती संघटना आहे, वरिष्ठ कार्यालय नव्हे. मंडळ्या १९२५ पासून 'कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम' नावाच्या सामायिक निधीत आपल्या मर्जीनं रक्कम देतात. त्यातून मिशनरी आणि सेमिनऱ्या चालतात. वर्षातून एकदा मंडळ्यांचे प्रतिनिधी जमतात, मतदान करतात. कन्व्हेन्शनच्या हातात टोकाचा उपाय एकच: संबंध तोडणं. सॅडलबॅकनं २०२१ मध्ये तीन स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा दिली, पुढे तिथं एक स्त्री अध्यापन-पाळक झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कन्व्हेन्शननं सॅडलबॅकला बाहेर काढलं. जूनमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या सभेत अपील मोठ्या फरकानं फेटाळलं गेलं. त्यानं सॅडलबॅकची एक खुर्चीही हलली नाही. इमारती त्यांच्याच, बँकखातं त्यांचंच.

याच स्वायत्ततेची काळी बाजू २०२२ मध्ये बाहेर आली. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी कन्व्हेन्शनच्या कार्यकारी समितीनं वर्षानुवर्षं कशा दाबल्या याचा स्वतंत्र चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. 'मंडळी स्वतंत्र आहेत, आम्ही काय करणार' हे उत्तर त्यात वारंवार भेटतं.

पाटीवरून नाव का जातं? उपनगरात टेक्सासबाहेरून आलेले लोक असतात. कुणी कॅथलिक वाढलेला, कुणी कुठलाच नाही. 'बॅप्टिस्ट' वाचून ते दार उघडत नाहीत, असा चर्चवाल्यांचा अनुभव. म्हणून सॅडलबॅक, एलिव्हेशन अशी नावं. शार्लटचं एलिव्हेशन २०२३ पर्यंत कन्व्हेन्शनमध्ये होतं हे तिथं जाणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसेल. पुढची पायरी म्हणजे संबंधच नको. २०२० च्या धर्मगणनेत कुठल्याही पंथाशी न जोडलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे अनुयायी २.१ कोटी भरले, सदर्न बॅप्टिस्टांहून जास्त. त्यांची शिकवण पाहिली तर बाप्तिस्मा मोठेपणी, पाण्यात पूर्ण बुडवून, मंडळी स्वतंत्र. बॅप्टिस्टच की! ह्यूस्टनचं लेकवुडही माजी सदर्न बॅप्टिस्ट पाळक जॉन ऑस्टिन यांनी १९५९ मध्ये पशुखाद्याच्या जुन्या दुकानात सुरू केलेलं. मात्र ते पुढे करिष्मावादी (पवित्र आत्म्याच्या चमत्कारी दानांवर भर देणाऱ्या) वळणावर गेलं.

आणि 'वाढ' हा शब्द जपून वापरा. कन्व्हेन्शनची सदस्यसंख्या २००६ मध्ये १.६३ कोटी होती, आता १.३ कोटींच्या खाली आहे. वर्षातले बाप्तिस्मे १९७२ मध्ये ४.४ लाखांवर होते, २०२३ मध्ये २.२६ लाखांच्या आसपास. मेगाचर्च फुगली ती बहुतांशी शेजारच्या लहान मंडळ्यांतून आलेल्या माणसांनी.

पोथीखाना

शेवटच्या वाक्याशी अर्धाच सहमत. ह्यूस्टन-डॅलस भागात लोकसंख्याच इतकी वाढली की नवीन आलेल्यांचा वाटा मोठा आहे, आणि 'स्थलांतर करून आलेला बॅप्टिस्ट' हा शेजारच्या चर्चमधून पळवलेला धरता येत नाही. शिवाय काळ्या बॅप्टिस्ट परंपरेतली मेगाचर्च या सरासरीत हरवतात. अटलांटाजवळचं न्यू बर्थ मिशनरी बॅप्टिस्ट घ्या. तिथं उपनगरात सरकणारा काळा मध्यमवर्ग हा आधार होता, आणि नोकरी-कर्ज-शाळा या गोष्टींत चर्चचा हात खूप खोल असतो. पण बाप्तिस्म्यांचा आकडा बोलका आहे, मान्य.

ताळेबंद

पैशाचं मी घेतो.

उत्पन्न म्हणजे अर्पण आणि दशांश (कमाईचा दहावा भाग). पूर्वी थाळी फिरायची, आता बहुतेक रक्कम ॲपवरून दरमहा आपोआप वळती होते. चर्चला हेच हवं असतं, नाहीतर जुलैत माणसं सुट्टीवर गेली की अर्पण कोसळतं आणि पगार मात्र थांबत नाहीत. खर्चात सगळ्यात मोठा घास पगारांचा, साधारण निम्म्याच्या आसपास. मग इमारत-कर्ज, मग कार्यक्रम आणि मिशन.

कर: चर्चला ५०१ सी ३ ची, म्हणजे धर्मादाय संस्थांना असलेली करसवलत अर्ज न करताही मिळते. इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी ९९० नंबरचा फॉर्म भरून पगार-खर्च जाहीर करावे लागतात, चर्चला त्यातून सूट. १९८४ च्या कायद्यानुसार कर खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं लेखी सबळ कारण नोंदवल्याखेरीज चर्चची चौकशी सुरू होत नाही. मात्र कॉफीच्या दुकानासारख्या असंबद्ध धंद्याची ढोबळ आवक वर्षाला १,००० डॉलरच्या पुढे गेली की ९९०-टी भरावाच लागतो. निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायला १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनं मनाई आहे, अंमलबजावणी मात्र नावापुरती.

पाळकाचा घरभत्ता हा मजेशीर प्रकार. तो आयकरातून सुटतो, पण तीनपैकी सर्वांत लहान रकमेपुरताच: चर्चनं आगाऊ ठरवून दिलेली, प्रत्यक्ष घरावर खर्च झालेली, किंवा त्या सजवलेल्या घराचं वीज-पाण्यासह बाजारभाडं. ठराव आधी हवा. डिसेंबरात बसून जानेवारीपासूनचा भत्ता लिहिला तर तो बाद. आणि आयकर सुटला तरी सोशल सिक्युरिटीसाठी पाळक स्वयंरोजगारी धरला जातो, म्हणून १५.३ टक्के आकारणी या भत्त्यावरही लागते. नवखे पाळक एप्रिलमध्ये इथेच अडकतात.

बुडतात ती कर्जानं. शुलर यांचं क्रिस्टल कॅथीड्रल १९८० मध्ये काचेचं उभं राहिलं, ऑक्टोबर २०१० मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि ५.७५ कोटी डॉलरना ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताला विकावं लागलं. दूरचित्रवाणीवर त्यांची उपासना पाहून देणाऱ्यांचा ओघ आटला, म्हातारे दाते गेले, मुलीकडे सूत्रं देताना घरातच भांडणं झाली, आणि देखभालीचा खर्च तेवढाच राहिला. याउलट लेकवुडनं नवं बांधण्याऐवजी ह्यूस्टन रॉकेट्सचं जुनं बास्केटबॉल मैदान शहराकडून भाड्यानं घेतलं, २००५ मध्ये तिथं उपासना सुरू केली आणि २०१० मध्ये ७५ लाख डॉलरना विकत घेतलं. आतल्या फेरबदलांवर त्याच्या कितीतरी पट खर्च झाला होता, तरी १६,००० आसनांची जागा त्या भावात स्वस्तच.

रेव्हरंड_नव्हे

पाळक गेल्यावर काय, हे दोन नमुन्यांवरून बघा. सिएटलचं मार्स हिल १९९६ मध्ये सुरू झालं, मार्क ड्रिस्कल या एका आवाजावर पंधराएक शाखा चालायच्या. त्यांच्या वागणुकीच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि वर्षअखेरीस अख्खी संस्था विसर्जित झाली. काही शाखा स्वतंत्र मंडळ्या झाल्या, काही बंद. पडद्यावरचा माणूस गेला की पडद्यावर दाखवायला काही नसतं. दुसरीकडे सॅडलबॅकमध्ये वॉरन यांनी २०२२ मध्ये बाहेरून आणलेल्या अँडी वुड यांच्याकडे कारभार दिला आणि ते चर्च चालू राहिलं. तिथं १०१ ते ४०१ असे चार वर्ग होते: सदस्यत्व, वाढ, सेवा, मिशन. प्रत्येकाच्या शेवटी लेखी करार. आणि घरोघरी आठ-दहा जणांचे गट. माणूस गटाला बांधला गेला असेल तर वक्ता बदलला तरी टिकतो.

विलो क्रीक मधलं. २०१८ मध्ये हायबल्स आरोपांनंतर पायउतार झाले, ऑगस्टमध्ये सगळ्या वडीलमंडळानं (चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळानं) राजीनामे दिले. चर्च उरलं, पण बरंच लहान होऊन.

चौकस_चिंचवडकर

सर्वांचे आभार, भरपूर मिळालं. ताळेबंद, एकच: एखाद्या चर्चचा हिशेब बाहेरच्या माणसाला बघता येतो का?

ताळेबंद

थोडाफार. आधी ते चर्च ईसीएफए या १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल लेखा-संस्थेचं सदस्य आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. सदस्य असेल तर लेखापरीक्षित पत्रकं मागितल्यावर द्यावी लागतात. मग काउंटीच्या मालमत्ता नोंदीत चर्चचं नाव टाका. टेक्सासमध्ये हे ऑनलाइन, फुकट. जमीन किती, करमाफी कशावर, पाळकाचं घर चर्चच्या नावावर आहे का, सगळं निघतं. गहाणखतं काउंटी क्लार्ककडे. चर्चची शाळा किंवा मदतसंस्था वेगळी नोंदलेली असेल तर तिचा ९९० आहे का बघा, काही वेळा संचालकांची नावं तिथं सापडतात. सदस्यांना मात्र वार्षिक सभेत अंदाजपत्रक मिळतं. नुसता गोल आलेख दिला आणि पगाराची एकच एकत्र रक्कम दाखवली, तर मंडळाचे सदस्य कोण आणि त्यात पाळकाचे नातेवाईक किती, हा पुढचा प्रश्न विचारा.